काटा शून्यावर नाही

डिचोलीच्या बसस्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानात
दर्शिता माझा बायोडाटा टाइप करत होती.
मध्येच थांबली.
"काका, दोन हजार बारानंतर हांगा किदें घालूं?"
मी म्हटलं, घाल काहीतरी.
"काहीतरी म्हणजे?"
मागे रांग होती, एकाला आधार कार्डाच्या दोन प्रती हव्या होत्या.
मग राहू दे, म्हटलं. मोकळं ठेव.

कागद बाहेर आला तेव्हा गरम होता.
मधली चार बोटं मोकळी जागासुद्धा.

त्याआधी चौदा वर्षं मी खाणीवरच्या वजनकाट्यावर.
पत्र्याची खोली, खिडकीतून बाहेर हात, हातात पावती.
सकाळी ट्रक आधी रिकामे चढायचे.
आठ टन, आठ टन शंभर,
मार्तिनचा कायम आठ सहाशे,
कारण सीटखाली तो अख्खं गॅरेज घेऊन फिरायचा.
मग भरून यायचे. मग वजाबाकी.
वहीसुद्धा लाल, थुंकी लाल,
घरी धुतलेला शर्ट वाळला तरी लालच.

कुंडईच्या गोदामात मात्र सगळं पांढरं. एसी. काचेचं टेबल.
एक मिस कार्दोज, आणि एक टक्कलवाले साहेब
जे मोबाइलमधून वर आलेच नाहीत.
"मिस्टर गावस, हा सात वर्षांचा गॅप?"

पुतण्याने पढवून पाठवलं होतं:
सांग, घरचा धंदा सांभाळला.
घरी दोन माड आणि एक मांजर.

काय सांगू, बाय?
पहिलं वर्ष मी भिंतीकडे तोंड करून निजलो.
भिंतीला कुठे कुठे पोपडे आलेत ते मला अजून पाठ आहे.
नंतर रोज कुणीतरी सांगायचं, पुढच्या महिन्यात सुरू होतेय.
शेजारची झाली. परत बंद पडली. आमची तशीच.
तरी दर शनिवारी मी काट्यावर जायचो,
खराटा घेऊन, प्लेट झाडायला.
कुणी सांगितलं नव्हतं. कुणी पाहिलंही नसेल.
मग उज्ज्वला काजूच्या कारखान्यात लागली,
चिकाने तिच्या बोटांची सालं निघायची,
आणि मी सोलकढी करायला शिकलो
आणि रात्री तिच्या बोटांना खोबरेल लावायला,
एकेका बोटाला, न बोलता.
चवथीला वाड्यावरच्या अकरा घरांच्या माटोळीसाठी
कवंडळं, कांगलां, माट्टुत्यो रानातून मीच आणायचो.
लोक म्हणायचे, तुला काय, तुझ्याकडे वेळ आहे.
होता.

यातलं इंग्रजीत काय काय बसतं
ते मला येईना.
मी म्हटलं, "मॅडम, वाट पाहिली."
तिने पेन उचललं, परत ठेवलं.
"सात वर्षं?"
"सात वर्षं."

एसीचा आवाज. कुणीच काही बोलेना.
आणि मला येतानाचं आठवलं, ते तोंडातून निघूनच गेलं:
"मॅडम, तुमच्या गेटवरचा काटा शून्यावर नाही.
वर गाडी नव्हती, माणूस नव्हता,
तरी चाळीस किलो दाखवत होता."

टक्कलवाले साहेब मोबाइलमधून वर आले.
"कधीपासून?"
"ते मला कसं ठाऊक? प्लेटखाली माती गेली की होतं तसं.
झाडावी लागते."
त्यांनी मिस कार्दोजकडे पाहिलं,
तिने माझ्या कागदाकडे,
त्या मोकळ्या जागेकडे.
"कळवतो तुम्हाला."
हे वाक्य मी आधीही ऐकलंय, ते कुठेही सारखंच भरतं.

बाहेर ऊन. बस पाऊण तासाने.
गेटपाशी मी फाइल काखेत धरली, उकिडवा बसलो,
प्लेटच्या फटीत वाकून पाहिलं.
चिखल. खडी. बाटलीचं एक झाकण,
आणि त्या चिखलातही रुजलेलं
कसलंसं दोन पानांचं रोप.

वॉचमन धावत आला.
"ओ काका! किदें सोदतात हांगा?"

मी म्हटलं,
"चाळीस किलो."